फिरत्या पाण्याचा हिशेब: सोलर हीटरसाठी बदलत्या वेगाचा पंप

सोलर वॉटर हीटरला पंप लागतोच असे नाही. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर दिसणाऱ्या १००-२०० लिटरच्या संचांत टाकी पॅनेलच्या वर असते; तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि तळचे गार पाणी पॅनेलमध्ये उतरते. हे चक्र आपोआप चालत नाही तिथे पंप लागतो: जिथे टाकी पॅनेलच्या खाली ठेवावी लागते, पॅनेलच्या अनेक रांगा असतात, किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार पॅनेलमध्ये साचू नयेत म्हणून टाकीत कॉइल घालून पॅनेलचे पाणी वेगळे फिरवले जाते. सोसायट्या, वसतिगृहे, रुग्णालये यांचे मोठे संच बहुतेक या वर्गातले.

निवड चुकते ती पहिल्याच पायरीवर. निविदेत ‘अर्धा एचपी’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्यामागचा अंदाज गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचा असतो. पण पूर्ण भरलेल्या बंद चक्रात पाणी जेवढे चढते तेवढेच उतरते; इमारतीची उंची हिशेबात येतच नाही. पंपाला मात करायची असते ती पाइप, बेंड, व्हॉल्व्ह आणि कॉइल यांच्या घर्षणावर. अपवाद ड्रेनबॅक संचाचा. तिथे पंप थांबला की पॅनेल रिकामे होतात, त्यामुळे रोज सकाळी पाणी माथ्यापर्यंत ढकलण्याइतका हेड, म्हणजे मीटरमध्ये मोजलेला दाब, हवाच. वेग कमी करायचा तो चक्र भरल्यानंतर.

पुण्यातल्या वीस सदनिकांच्या सोसायटीचे उदाहरण घेता येईल. रोज २००० लिटर गरम पाणी, त्यासाठी प्रत्येकी सुमारे २ चौरस मीटरचे २० सपाट पॅनेल, म्हणजे ४० चौरस मीटर. सपाट पॅनेलला दर चौरस मीटरमागे तासाला ४० ते ६० लिटर प्रवाह पुरतो. ५० धरला तर तासाला २००० लिटर. गच्चीवरच्या आटोपशीर चक्राचे घर्षण ३ मीटर हेडइतके धरले, तर पाण्याला प्रत्यक्ष द्यावी लागणारी शक्ती जेमतेम १६ वॅट निघते. लहान पंपांची कार्यक्षमता बेताची असते. ती ३० टक्के मानली तरी ५५ वॅटच्या आसपास वीज पुरते. अर्ध्या एचपीच्या मोटरची क्षमता मात्र ३७० वॅटच्या घरात. असा पंप बसवून मग गेट व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवलेला अनेक गच्च्यांवर दिसतो.

आता याच संचावर दिवसाचे ऊन कसे बदलते ते पाहावे. दुपारी चौरस मीटरमागे ८०० वॅट ऊन असताना पॅनेलनी त्यातले निम्मे पकडले, तर १६ किलोवॅट उष्णता मिळते आणि २००० लिटरच्या प्रवाहात पाणी एका फेरीत सुमारे ७ अंशांनी तापते. ढग आले, ऊन निम्म्यावर आले की ही वाढ साडेतीन अंशांच्याही खाली घसरते. पॅनेल आणि टाकीचा तळ यांच्या तापमानात ७-८ अंशांचा फरक पडला की पंप चालू आणि ३ अंशांवर बंद, अशी कंट्रोलरची नेहमीची मांडणी असते. एकाच वेगाचा पंप अशा दुपारी सारखा चालू-बंद होत राहतो. वेग बदलणारा पंप प्रवाह १००० लिटरवर आणतो आणि ७ अंशांची वाढ टिकवतो. टाकीतले थरही टिकतात: वर गरम, खाली गार. जोरदार प्रवाहाने हे थर ढवळले गेले की संध्याकाळी टाकीभर कोमट पाणी उरते, आणि तळचे पाणीही कोमट झाल्याने पॅनेलची उष्णता पकडण्याची क्षमताही घटते.

वीजबचत खरी आहे. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा, हेड चौथाई आणि शक्ती आठव्या हिश्शावर येते; केवळ घर्षण असलेल्या चक्राला हा नियम चांगला लागू पडतो. पण ही बचत फुगवून सांगणे योग्य नाही. २००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेणे म्हणजे सुमारे ८१ युनिट उष्णता. त्यापुढे पंपाची दिवसभराची वीज किरकोळ आहे. पंप निवडायचा तो ही ८१ युनिटे टाकीत नीट आणण्यासाठी.

‘व्हेरिएबल स्पीड’ असे लेबल असलेला प्रत्येक पंप या कामाचा नसतो. तीन वेगांचे बटण असलेल्या पंपात वेग माणूस ठरवतो, ऊन नाही. थंड देशांत घरे तापवण्यासाठी बनलेले स्वयंचलित पंप दाबातल्या बदलाला प्रतिसाद देतात. सौर चक्रात व्हॉल्व्ह उघडझाप करत नाहीत, त्यामुळे असा पंप दिवसभर जवळपास एकाच वेगाने फिरतो. हवा असतो तो तापमानातल्या फरकावर चालणाऱ्या कंट्रोलरचा पीडब्ल्यूएम संकेत (वेग किती हवा ते स्पंदांच्या रुंदीतून सांगणारा) घेणारा पंप, आणि त्यातही सौर प्रोफाइलचा. संकेताची तार तुटली तर सौर प्रोफाइलचा पंप थांबतो. हीटिंग प्रोफाइलचा पूर्ण वेगाने धावत राहतो आणि रात्रभर टाकीतली उष्णता पॅनेलमधून आकाशाला देतो. अशा इलेक्ट्रॉनिक पंपाला जुन्या कंट्रोलरने वीजपुरवठाच तोडत-जोडत वेग बदलायला लावू नये. त्याची सर्किटे त्यासाठी नसतात.

दुसरा मार्ग छोट्या सौर वीज पॅनेलवर थेट चालणाऱ्या डीसी पंपाचा. ऊन वाढले की पंप आपोआप जोरात फिरतो. भारनियमनाच्या गावांत हा मोठा गुण आहे, कारण भर दुपारी वीज गेली तर पाणी थांबते आणि पॅनेल तापत राहतात. मात्र टाकी आधीच तापलेली असेल तर थांबायचे कधी हे या पंपाला कळत नाही. कमाल तापमानाला तोडणारा स्विच सोबत हवा.

वापराचे पाणीच पॅनेलमधून फिरत असेल तर पंपाची बॉडी ब्राँझची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी; बिडाची बॉडी सतत ताज्या पाण्यात गंजते. नव्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचुंबक असतात आणि पाण्यातला लोहकण त्यांना चिकटतो, म्हणून जुन्या जीआय पाइपवर चुंबकीय गाळणी आवश्यक. पंप टाकीच्या तळाकडून पॅनेलकडे जाणाऱ्या गार पाइपवर, शाफ्ट आडवा ठेवून बसवावा. त्याच पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि चक्राच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवा.

निविदेत म्हणून एचपीऐवजी प्रवाह, त्या प्रवाहाला लागणारा हेड, कमाल तापमान, बॉडीचा धातू आणि संकेताचा प्रकार लिहिला जावा. किमान वेग मात्र कागदावर ठरत नाही. तो फार खाली ठेवला तर समांतर रांगांपैकी शेवटच्या रांगेला पाणी पुरत नाही आणि तिथले पॅनेल तापून उष्णता हवेत घालवतात. स्वच्छ उन्हात पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करत प्रत्येक रांगेतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान मोजावे. एखादी रांग बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम होऊ लागली की त्या वेगाच्या वरचा टप्पा हा त्या संचाचा किमान वेग, आणि तोच कंट्रोलरमध्ये भरावा.