काळीतले घर

नोकरी संपल्यावर शहरातील भाड्याची जागा सोडावी आणि आपल्या शेतात स्वतः बांधलेल्या घरी जाऊन राहावे, हा विचार आमच्या पिढीतील पुष्कळांच्या मनात घोळत असतो. वाशीम शहरापासून चार कोसांवर माझे थोडेसे शेत आहे. तेथे घर उभे राहिले असून येत्या दिवाळीनंतर आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत. या तयारीत जे शिकावयास मिळाले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या खेड्यांची जुनी भाषा गावच्या जमिनीचे दोन भाग करते : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ रंगाचा नव्हे. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत दरवर्षी किंचित उचलली जाते, किंचित खचते आणि अखेर कोपऱ्यांतून तडे जाऊ लागतात. म्हणून ज्याला काळीत घर बांधावयाचे आहे, त्याने खालच्या टणक मुरुमापर्यंत पाया न्यावा, भोवती मुरूम भरावा आणि छपराचे पाणी भिंतीपाशी मुरू देऊ नये. आमच्या शेतात मुरूम चार हातांवर लागला. गवंडी म्हणाला, "गुर्जी, अर्धा पैसा त मातीतच गेला." गेला खरा, परंतु भिंती सरळ राहतात त्या याच न दिसणाऱ्या पैशावर.

पायाच्याही आधी पाण्याचा विचार करावा. आपला जिल्हा उंचवट्यावर वसलेला आहे. येथील पावसाचे काही पाणी पैनगंगेने गोदावरीकडे, म्हणजे पूर्वसमुद्राकडे जाते, तर काही काटेपूर्णेने पूर्णा व तापी यांच्यामार्गे पश्चिमसमुद्रास मिळते. पाणी जेथून दोहीकडे निघून जाते, तेथे ते उरते थोडे. आणि खालचा काळा पाषाण ते आपल्या फटींत साठवील तेवढेच विहिरीस लाभते. श्रावणात भरलेली विहीर पाहून कोणी घराची जागा ठरवू नये. तिची परीक्षा वैशाखात घ्यावी. तसेच शेतघरासंबंधीचे नियम महसूल कचेरीत आधीच विचारून घ्यावेत.

बांधकाम दिवाळीनंतर काढावे आणि मृगापूर्वी छप्पर चढवावे. पश्चिमेची भिंत जाड व शक्यतो बिनखिडकीची असावी, कारण वैशाखातील तिसऱ्या प्रहरचे ऊन तिकडूनच घरात शिरते. ओसरी पूर्वेस ठेवावी. सरपणाचा ढीग घरापासून दूर रचावा. त्यात विंचू-सापांस थारा मिळतो. आणि सामान नेण्यापूर्वी घरावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. कोठे गळते, कोठे ओल धरते, हे तोच सांगतो.

या बाबतीत आपल्या विदर्भातीलच एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. 1936 च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी वर्ध्याजवळील सेगावात राहावयास गेले. हेच गाव 1940 पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाते. मातीच्या भिंती, बांबू व कवेलू यांची तेथील कुटी साधेपणाचा नमुना म्हणून आपण दाखवितो. परंतु त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गांधीजी हिवतापाने आजारी पडले आणि त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले, हे आपण सहसा सांगत नाही. खेड्यातील घर कितीही नेटके असले, तरी डास, चिखल आणि दवाखान्याचे अंतर ही तेथे असतातच.

हाच प्रश्न आमच्या घरातून आला. पाया, विहीर, छप्पर सारे ऐकून घेतल्यावर मंडळींनी विचारले, "अहो, हे सगळे ठीक, पण श्रावणात रात्री तुमच्या छातीत कळ आली, तर मी एकटीने काय करायचे?" मजजवळ उत्तर नव्हते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आज बोलावता येते; पण ती पक्क्या सडकेपर्यंत येईल. पुढचे दोन फर्लांग काळीचा चिखल बैलगाडीसही वाट देत नाही. तेव्हा घराचा गिलावा थांबविला आणि त्या पैशांत दगड व मुरूम टाकून ती वाट बांधून काढली. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून, रात्री केव्हाही हाक मारण्याचा शब्द घेतला. शहरातील एक खोली दोन वर्षे सोडायची नाही, असेही ठरले. एवढे झाल्यावर त्यांनी स्वतःच भांड्यांची निवड करावयास घेतली.

भिंतींना गिलावा अजून नाही; तो पुढल्या वर्षी होईल. ज्या श्रोत्यांच्या मनात असा बेत असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, घराचा नकाशा काढण्यापूर्वी आपल्या सहचारिणीला तिची भीती कोणती, हे विचारावे, आणि नकाशावर पहिली रेघ तिच्या उत्तराची ओढावी.