अक्षर दिसले तर शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आजचा माझा विषय लहान वाटेल. संगणकावर पत्रे व प्रश्नपत्रिका तयार करण्याच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये, ज्यांची नजर अधू आहे अशा वाचकांसाठी तयार केलेले फॉन्ट मुळातच असावेत काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. त्याचे कारण मला एका विद्यार्थ्याने शिकविले.

गणिताच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : ‘२५ ही घनसंख्या आहे काय? कारण लिहा.’ त्याने उत्तर लिहिले, ‘होय, कारण ती शून्यापेक्षा मोठी आहे.’ मी शून्य गुण दिले. तास संपल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, २५ ही धनसंख्या नाही का?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने ‘घ’ हा ‘ध’ वाचला होता. चष्मा लावूनही त्याला नीट दिसत नसे. कागद वाचावा म्हणून प्रश्नपत्रिका बारीक टायपात मीच केली होती. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

अंध असणे आणि अधू दृष्टी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही त्यांची नोंद वेगवेगळी केली आहे. अंध मुलासाठी ब्रेल आहे, वाचून दाखविणारा संगणक आहे. अधू नजरेचे मूल मात्र तुमच्याआमच्यासारखाच छापील कागद हाती घेते, आणि तिथेच अडते.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ब्रेल इन्स्टिट्यूट नावाची जुनी संस्था आहे. तिने २०१९ मध्ये आपल्या संस्थापकाच्या नावाने ‘ॲटकिन्सन हायपरलेजिबल’ हा इंग्रजी लिपीचा फॉन्ट तयार करविला आणि सर्वांना मोफत दिला. त्यात सौंदर्यापेक्षा एका गोष्टीकडे लक्ष दिले आहे : एक अक्षर दुसऱ्यासारखे दिसता कामा नये. मोठा आय, लहान एल आणि एकचा आकडा, किंवा ओ आणि शून्य, यांची गल्लत होऊ नये अशी त्यांची घडण आहे.

कोणी म्हणेल, मोफत आहे तर ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. पण मित्रहो, प्रश्नपत्रिका वाचणारा मुलगा फॉन्ट निवडत नाही. ती टाइप करणारा निवडतो, आणि तो समोरच्या यादीत जे असेल तेच घेतो. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजबरोबर आला, म्हणूनच तो कचेरीकचेरीत पोहोचला. शिवाय एका संगणकावर निवडलेला फॉन्ट दुसऱ्यावर नसेल, तर तिथे मजकूर भलत्याच अक्षरांत उमटतो. म्हणून तो सॉफ्टवेअरबरोबरच यावयास हवा. लिबरऑफिससारखे मोफत सॉफ्टवेअर कित्येक फॉन्ट आपल्याबरोबर देतेच. त्यात आणखी एकाची भर जड नाही.

तथापि फॉन्ट म्हणजे जादूची कांडी नव्हे. टाइप बारीक असेल, शाई फिकट असेल, ओळी दाटीवाटीने असतील, तर चांगला फॉन्टही निरुपयोगी ठरतो. एकाला जे सोयीचे ते दुसऱ्याला असेलच असेही नाही. आणि त्या इंग्रजी फॉन्टने आपली गरज भागत नाही. आपल्या मुलांना ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक दिसला पाहिजे. उर्दूत बे, पे, ते, से यांचा सांगाडा एकच, फरक केवळ नुक्त्यांचा. नुक्ता दिसला नाही की शब्दच बदलतो. देवनागरी आणि उर्दूसाठी याच कसोटीवर फॉन्ट घडावेत आणि ते सॉफ्टवेअरमध्ये यावेत, ही मागणी आपणच केली पाहिजे.

पवित्र कुरआनच्या ८० व्या सूरेचा आरंभ आपणांस ठाऊक आहे. ज्ञान मागण्यास आलेल्या एका अंध माणसाकडे लक्ष देणे हे प्रतिष्ठितांच्या बैठकीपेक्षा मोठे आहे, ही शिकवण तिथे मिळते. मग वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे आपण कसे दुर्लक्ष करावे?

पालकांना माझी विनंती आहे : मूल पुस्तक नाकाशी धरत असेल तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे कसे, या भीतीने तिची नजर लपवू नका. शिक्षक बंधूंनो, प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वी ती हात लांब करून वाचून पाहा. मी आता तसे करतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, फळ्यावरचे दिसत नसेल तर सांगा. त्यात शरम नाही.

त्या मुलाला मी नंतर तोच प्रश्न ठळक अक्षरांत लिहून दिला. त्याने लिहिले, ‘नाही. २७ आहे, २५ नाही.’ हे उत्तर त्याला आधीही येत होते. अक्षर तेवढे दिसत नव्हते.