दुधाविना वाढणारं मूल

नातवंडाला आपण मराठीत दुधावरची साय म्हणतो. माझ्या नातवाला मात्र दूधच चालत नाही. गाईच्या दुधाची अॅलर्जी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या मावळातल्या नातेवाईकांना ते खरंच वाटेना. 'दुधानं कधी कुणाला बाधतं का?' असा सगळ्यांचा सूर.

सहा महिने पूर्ण झाल्यावर मुलीनं त्याला खीर चाटवली. अर्ध्या तासात ओठांभोवती गांधी उठल्या, मग उलटी. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांची माया खरी, पण मुलगी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली हे बरं झालं. त्यांनी आधी सगळी हकिगत विचारली, मग कातडीवर थेंब ठेवून टोचणीची तपासणी केली.

दूध न पचणं वेगळं आणि अॅलर्जी वेगळी. न पचण्यात भानगड असते ती दुधातल्या लॅक्टोज नावाच्या साखरेची; पोट फुगतं, जुलाब होतात. अॅलर्जीत दुधातलं प्रथिनच शरीराला शत्रू वाटतं. म्हणून लॅक्टोज काढलेलं दूध अशा मुलाच्या उपयोगाचं नाही. काही बाळांना त्रास उशिरा होतो. शौचातून रक्त पडतं, वजन वाढत नाही. तिथं दोन ते चार आठवडे दूध बंद ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली पुन्हा देऊन खात्री करतात. नुसत्या संशयावरून मुलाचं दूध वर्षानुवर्षं तोडू नये. आणि श्वास लागला, मूल मलूल पडलं, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावं.

सल्ले तर फुकट मिळतात. 'गाईचं नको तर म्हशीचं द्या, नाहीतर शेळीचं.' पण या तिन्ही दुधांतली प्रथिनं एकमेकांची सख्खी भावंडं. गाईचं न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही. आईचं दूध मात्र सोडायचं नाही. अंगावरच्या दुधानं बाळाला त्रास होत असेल, तरच डॉक्टर आईला दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात. अंगावर पाजणं शक्य नसेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला वेगळी पावडर लागते. ती महाग असते, पण तिच्या जागी तांदळाची पेज किंवा नारळाचं दूध भागत नाही.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. पेल्यातलं दूध थांबवणं सोपं. लपलेलं दूध शोधावं लागतं. बिस्किटात, ब्रेडमध्ये, मऊ पोळीवरच्या तुपात ते असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून लोक निर्धास्त होतात. तो फक्त शाकाहाराची खूण. दूध नसल्याची नव्हे. घटकांची यादी वाचावी. दुधाची पावडर, व्हे, केसीन, लोणी हे शब्द शोधावेत. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीशेजारीच फज मांडलेला असतो, आणि फज म्हणजे दूधच. चिक्कीत गूळ-शेंगदाणे असले, तरी तुपाचा हात लागलाय का ते विचारावं. शिवाय एवढ्याशा पोराच्या घशात शेंगदाणा अडकायची भीती, ती वेगळीच.

मग द्यायचं काय? वडगावच्या भात संशोधन केंद्रानं दिलेला इंद्रायणी तांदूळ आमच्या घरात रोजचाच. त्याचा मऊ भात, मुगाचं वरण, तुपाऐवजी तेलाची फोडणी, अंडं, मासे, नाचणी. नाचणीचं कौतुक मीही करते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं, आणि आमचा नातू एका वेळी मूठभर पिठाचं सत्त्वही संपवत नाही! म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व वेगळं दिलंय, दर महिन्याला वजन होतं. दूध बंद केलं की निम्मंच काम झालं. त्याची जागा भरली की नाही, हे वजनकाटा सांगतो.

हे आयुष्यभराचं दुखणंही नाही. बहुतेक मुलं शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर पडतात. केकसारख्या पदार्थात खूप वेळ भाजलेलं दूध काहींना आधी सोसू लागतं, मग पायरी-पायरीनं पुढं जाता येतं. पण तो पहिला तुकडा घरी कौतुकानं भरवायचा नाही, डॉक्टर सांगतील तिथं आणि तेव्हाच. आमची ती तारीख पावसाळ्यानंतरची आहे.

सणावाराला मन कच्चं होतं, हे कबूल. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं चुलीवर चढलं की तो त्या वासानं धावत येतो. यंदा मी त्याच्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवलं. नारळाचं दूध, तेलात परतलेल्या शेवया, बारीक केलेला खजूर, आणि पळीसुद्धा वेगळी. पाहुण्यांपैकी तिघांनी चव बघतो म्हणून त्याच पातेल्यातलं मागून घेतलं. त्याच्या वाटणीला जेमतेम एक वाटी उरली.