ट्रकचा हॉर्न आणि सरकता डिले

भिवंडी बायपासवर ताशी 72 किलोमीटर वेगाने येणाऱ्या ट्रकचा हॉर्न मूळ सुरापेक्षा चढा लागतो, साधारण ‘सा’चा कोमल ‘रे’ व्हावा इतका. ट्रक पुढे गेला की तो मूळ सुराच्या जवळपास तितकाच खाली उतरतो. अंतर बदलतं, म्हणून आवाज पोहोचायचा वेळही सलग बदलत राहतो.

मिलर पकेट यांच्या ‘प्युअर डेटा’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरचे चौकोन रेषांनी जोडून ध्वनी घडवतात. तिथेही डिले, म्हणजे आवाजाला होणारा उशीर, सलग बदलला की असाच सूर बदलतो. प्रतिध्वनीचा डिले 500 मिलिसेकंदांवरून झटक्यात 300वर आणला, तर लहर मध्येच तुटते आणि ‘टक्’ ऐकू येतं. तोच दोन सेकंदांत सावकाश उतरवला, तर तेवढा वेळ सूर दहा टक्के चढतो. मला हा परिणाम आवडतो. भजनाच्या साथीला मात्र तो चालायचा नाही! सूर ढळू द्यायचा नसेल, तर दोन डिले ठेवा, जुना मंद करत नवा वर आणा.

आणि हो, डिले सावकाश उतरवायला ‘लाइन’ हा चौकोन टिल्डच्या (~) चिन्हाचाच घ्या. बिनचिन्हाचा तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतो, त्यामुळे खरखर ऐकू येते.