गाडी चुकली, दाद कोठे मागावी?

बेलापूर नावाचे रेल्वे स्थानक आपल्या बेलापुरात नाही, ते श्रीरामपूर शहरात आहे. त्यामुळे दौंड-मनमाड मार्गावरील गाडी गाठावयाची तर आधी दुसरे वाहन धरणे आले. ते उशिरा येऊन गाडी निघून गेली, की आपण नशिबाला बोल लावतो. वास्तविक हा सेवेतील त्रुटीचा प्रश्न आहे.

जून २०१८ मध्ये डोंबिवलीच्या एका वकील महिलेचे मुंबईहून चेन्नईस जाणारे विमान असेच चुकले. टॅक्सी उशिरा आली. वर चालक वाटेत गॅस भरावयास थांबला. 'आम्ही केवळ मध्यस्थ' हा उबर कंपनीचा बचाव ठाण्याच्या ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये अमान्य केला आणि २० हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदारास राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे विमान मुंबईत चुकले, तरी बेलापूरच्या रहिवाशास अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येईल. मुदत दोन वर्षांची आहे. सेवेचा मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. अडचण पुराव्याची. तोंडी ठरविलेल्या जीपगाडीची वेळ सिद्ध कशी करणार? तेव्हा वेळ व भाडे दोन ओळींत लिहून घ्यावे, चालकाने का-कू केली तरी. आणि चुकलेल्या गाडीचे तिकीट फाडून टाकू नये.