काचेआडची वस्तू आणि जाणते डोळे



मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अनेक मराठी कुटुंबांनी पाहिलेले असते. पहिली भेट शाळेच्या सहलीत घडते, दुसरी गावाहून पाहुणे आले म्हणजे. दोन्ही वेळा पायांना घाई असते आणि डोळ्यांना उसंत नसते. तासाभरात सारी दालने 'उरकली' जातात आणि बाहेर आल्यावर नेमके काय पाहिले, हे सांगता येत नाही. प्रौढांनी लहानसा गट करून, जाणत्या मार्गदर्शकासोबत संग्रहालय पाहावे, ही सवय आपल्या समाजात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

यात सारा दोष प्रेक्षकाचा नव्हे. अमेरिकेतील बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली एका लेखात संग्रहालयातील थकव्याची मीमांसा केली. वस्तू फार खाली किंवा गैरसोयीच्या ठिकाणी मांडल्या की वाकून, ताणून पाहावे लागते. शरीर थकते आणि पाहणे वरवरचे होते, हे त्यांनी छायाचित्रांनिशी दाखविले. प्रेक्षकांसोबत दालनात उभे राहून वस्तूंविषयी बोलणारा 'डोसेंट' नेमण्याची कल्पनाही त्यांनी त्याआधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच, तेथे रुजविली होती.

त्याच संग्रहालयात १९१७पासून भारतीय कलासंग्रहाची धुरा सांभाळली ती आनंद कुमारस्वामी यांनी. मूर्ती पूजेसाठी घडली, भांडे वापरासाठी घडले. संग्रहालयात ठेवण्यासाठी यांपैकी काहीच घडविले गेले नव्हते, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. म्हणून वस्तू कुणी, कशासाठी घडविली हे उलगडून सांगणे, हे संग्रहालयाचे खरे काम ठरते.

ते काम मार्गदर्शक कसे करतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या संग्रहालयाच्या वास्तूची कोनशिला १९०५ साली बसविली गेली आणि १९२२ साली ते जनतेसाठी खुले झाले. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, तेथे लष्करी रुग्णालय होते. आतील कोरीव लाकडी खांब आणि कमानी नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसविलेल्या आहेत. हजारो लोक रोज काचपेट्यांकडे जाताना त्यांच्याजवळून जातात, पण मान वर करून पाहणारा विरळा. मार्गदर्शकाने दोन मिनिटे थांबवून एवढेच सांगितले, तरी इमारत स्वतःच एक प्रदर्शित वस्तू होते.

मात्र प्रौढांच्या गटाचे वैशिष्ट्य याहून वेगळे आहे. मुलांना सांगावे लागते. प्रौढ स्वतःही काही सांगू शकतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हे विशेष जाणवेल. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून जमविलेला हा वीस हजारांवर वस्तूंचा ठेवा, अकाली निधन पावलेल्या पुत्राच्या स्मृतीस अर्पण केला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, वज्री, समया, वाड्यांचे दरवाजे असा हा संसार आहे. वज्रीने टाचा घासल्या जात, हे तरुण मार्गदर्शकाने पुस्तकात वाचलेले असते. गटातील सत्तरीच्या आजींनी ती हातात धरलेली असते. अडकित्त्याने सुपारी कातरताना बोटे कुठे ठेवावीत, हे त्याच सांगू शकतात. मार्गदर्शकाने अशा वेळी बोलणे थांबवून त्यांना बोलते करावे.

खरी चिंता येथेच आहे. वस्तू काचेआड सुरक्षित आहे. तिचा वापर जाणणारी पिढी मात्र झपाट्याने सरते आहे. ती गेल्यावर पाटीवर 'वज्री, पितळ' एवढेच शब्द उरतील. धातू टिकेल आणि अर्थ हरपेल.

मार्गदर्शकानेही एक पथ्य पाळावे. पुरावा कोणता आणि दंतकथा कोणती, हे वेगवेगळे सांगावे. ठाऊक नसेल तेथे तसे स्पष्ट म्हणावे. ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून वस्तूचे वय शंभर वर्षांनी वाढविणे, हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांची कारागिरी खऱ्या वयातही पुरेशी थोर आहे.

हे सारे करण्यास मोठा खर्च लागत नाही. ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण संस्था यांपैकी कुणीही पुढाकार घ्यावा. गट पंधरा जणांचा असावा, आजी-आजोबा त्यात आवर्जून असावेत. संग्रहालयाशी आधी बोलून वेळ ठरवावी. एका भेटीत सहाच वस्तू पाहाव्यात, प्रत्येकीपुढे दहा मिनिटे थांबावे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेले कुणीतरी वहीत टिपून घ्यावे. ती वही संग्रहालयाच्या हाती दिली, तर पुढच्या गटाच्या मार्गदर्शकाला बोलण्यासाठी एक नवी गोष्ट मिळेल आणि काचेआडच्या वस्तूला तिचा हरवलेला अर्थ.