घाटावर, घाटाखाली आणि दूरसेवांचा करार

भिन्न संगणकभाषांत लिहिलेल्या दूरसेवांच्या परस्परसंवादावर विचार करण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात आलेल्या सर्व अभ्यासकांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. पश्चिमेस खानदेश, दक्षिणेस मराठवाडा आणि उत्तरेस मध्य प्रदेश लाभलेल्या, घाटावर एक आणि घाटाखाली दुसरा ढंग बोलणाऱ्या या जिल्ह्याला बोलींच्या सीमेवरचे व्यवहार नवे नाहीत.

दूरसेवा म्हणजे एका यंत्रावरील आज्ञावलीने जाळ्यामार्फत दुसऱ्या यंत्राकडून करवून घेतलेले काम. बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ च्या निबंधात त्याची जी मांडणी केली, तिचा हेतू दूरचे काम जवळच्याइतकेच सहज सांगता यावे हा होता. मात्र दोन टोकांच्या भाषा वेगळ्या असल्या की आकडे, तारखा आणि अक्षरे साठवण्याच्या सवयीही वेगळ्या निघतात. त्यावर कोर्बापासून २०१५ मध्ये खुल्या झालेल्या जीआरपीसीपर्यंत उपाय एकच राहिला आहे : सेवेचा करार कोणत्याही एका भाषेच्या बाहेर, तटस्थ संज्ञांत लिहायचा आणि त्यावरून प्रत्येक भाषेतील जोडसंहिता यंत्राकडून तयार करून घ्यायची. खामगावच्या दुकानात यूपीआयने पैसे चुकते होतात तेव्हा दोन्ही बँकांच्या प्रणाली कोणत्या भाषेत आहेत हे कोणी विचारीत नाही, कारण संदेशाचा एक्सएमएल साचा आधीच ठरलेला असतो.

साचा जुळला म्हणजे मजकूर जुळलाच, असे मात्र नाही. जावाच्या चौसष्ट बिटी पूर्णांकात नीट बसणारा ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्येत गेला की कसलीही तक्रार न करता एकाने घटतो. ‘बुलढाणा’ या शब्दाची लांबी जावा ७ सांगते आणि गो २१, कारण पहिली भाषा संकेतघटक मोजते, तर दुसरी बाइट, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. त्याहून अवघड प्रश्न जिल्ह्याच्या नावातच दडलेला आहे. ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ ही दोन्ही रूपे लेखनात आढळतात, करारातील ‘अक्षरमाला’ ही अट दोन्ही पाळतात आणि तरीही यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे ठरतात. नावाऐवजी २०११ च्या जनगणनेतील ५०० हा संकेतांक पाठवला तर हा घोळ टळतो. पण ते ५०० संख्या म्हणून पाठवावे की अक्षरे म्हणून, याची चर्चा पहिल्या सत्रात व्हावी, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.